पाळणाघराची वेळ आणि सेविकेचे वेतन

(महिला आघाडीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



पाळणाघर हा विषय सभांच्या कार्यक्रमपत्रिकेत बहुधा तळाशी असतो. महागाई, रेशन, मजुरी, जमीन यांवरील चर्चा संपेपर्यंत दिवेलागण होते, आणि ज्या स्त्रियांसाठी तो विषय ठेवलेला असतो त्या तोपर्यंत मूल कडेवर घेऊन घरी गेलेल्या असतात. आजच्या वर्गात तो पहिला घेतला आहे, त्याचे कारण एवढेच.

कष्टकरी स्त्री आठ-दहा तास मजुरीवर असते तेव्हा तिचे मूल कोणीतरी सांभाळत असते. कधी म्हातारी सासू, कधी शेजारीण. पण सर्वांत अधिक वेळा तिचीच सात-आठ वर्षांची थोरली मुलगी. मालक मजुरी देतो ती एकीच्या श्रमाची. प्रत्यक्षात कामाला दोघी जुंपलेल्या असतात: एक विटा वाहते किंवा निंदणी करते, दुसरी तिचे तान्हे मूल काखोटीला मारून झोपडीच्या दारात बसते. या दुसरीचे नाव कोणत्याच मस्टरवर नसते, शाळेच्या पटावर असलेच तर त्यापुढे गैरहजेरीच्या खुणा असतात. पाळणाघराचा प्रश्न म्हणजे या दुसऱ्या, अदृश्य मजुरीचा प्रश्न होय. ती कोणी करायची, तिचे मोल कोणी द्यायचे आणि तिचे तास कोणी ठरवायचे, हाच त्यातील खरा झगडा आहे.

या झगड्याचा इतिहास मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू करणे सोयीचे. १९२१-२२ च्या सुमारास मुंबई सरकारसाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतीची व मुलांची पाहणी केली. तीत असे आढळले की, कामावर जाणाऱ्या बहुसंख्य आया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवीत असत. बाजारात ती 'बाळागोळी' या लाडक्या नावाने मिळे. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. रडत नसे, आणि अर्थातच पितही नसे. सुखवस्तू समाजाने यावर अज्ञानी आयांना पुष्कळ उपदेश केला. परंतु त्या आईला दुसरा मार्ग कोणता होता, हे विचारणारे थोडे होते. खात्याजवळ मूल आणावे तर यंत्रे आणि कापसाची धूळ. चाळीत ठेवावे तर सांभाळायला कोणी नाही. काम सोडावे तर चूल बंद. अफूची गोळी हे मुंबईतील पहिले पाळणाघर होते, असे कोणी म्हटले तर ते कटू वाटेल. खोटे ठरणार नाही. १९३१ च्या रॉयल कमिशनने या प्रथेची नोंद घेतली आणि कारखान्यांत पाळणाघरे असावीत अशी शिफारस केली.

कायदा मग हळूहळू आला. १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतिक सरकारांना एवढाच अधिकार दिला की, जेथे पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवण्यास मालकास सांगता यावे. १९४८ च्या कारखाना कायद्याने हेच बंधन देशभर लागू केले आणि १९७६ च्या दुरुस्तीने पन्नासाची मर्यादा तीसवर आणली. चहामळ्यांसाठी १९५१ चा, खाणींसाठी १९५२ चा, विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा झाला. कागदावर पाहिले तर भारतातील कामगार स्त्रीचे मूल वाऱ्यावर नव्हते.

पण या सर्व कायद्यांच्या मांडणीतच एक खोट होती. पाळणाघराचे बंधन मोजले गेले ते स्त्रियांच्या संख्येवर. म्हणजे मूल हे फक्त आईचे. बाप कारखान्यात हजारोंनी असले तरी त्यांच्या नावावर एकही पाळणा टांगला जाणार नाही. मालकाच्या हिशेबी मेंदूला यातून निघणारा मार्ग शिकवावा लागला नाही. तिसावी स्त्री कामावर घ्यायची, एकतिसावी घ्यायची नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांपैकी जवळपास पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. १९७० च्या दशकापर्यंत ती संख्या नाममात्र उरली. रात्रपाळीवरील बंदी, नवी यंत्रे, 'सुसूत्रीकरण' अशी त्याची इतरही कारणे होती, आणि सगळा दोष पाळणाघराच्या कलमावर टाकणे चुकीचे ठरेल. तरीही स्त्रीचे मातृत्व हा मालकाच्या खर्चाचा एक आकडा झाला की, त्या आकड्याबरोबर स्त्रीच पुसली जाते, ही गोष्ट गिरणगावाने प्रत्यक्ष पाहिली आहे.

२०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, पाळणाघर असलेच पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता आले पाहिजे, असे ठरले. मोजणीचे तत्त्व बदलले हे स्वागतार्हच होते. कामगार चळवळीची ती जुनी मागणी होती. मात्र २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी १९४८ चा कारखाना कायदाच मोडीत काढला आणि त्याबरोबर तीस स्त्रियांची ती मर्यादाही गेली. आता पन्नासाचा एकच आकडा उरला. पस्तीस स्त्रिया आणि पाच पुरुष असलेल्या शिवणकामाच्या कारखान्यावर काल जे बंधन होते ते आज नाही. एका हाताने दिले, दुसऱ्याने घेतले. कोणाचे किती गेले याचा हिशेब त्या त्या उद्योगात बसूनच मांडावा लागेल. आणि देशातील बहुसंख्य स्त्रिया जेथे राबतात त्या शेतात, घरगुती कामात, घरबसल्या विडी वळण्यात यांपैकी कोणताच आकडा कधी लागू नव्हता, हे विसरून चालणार नाही.

बांधकामावर तर कायद्याची गंमत आणखीच उघडी पडते. १९९६ च्या कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या बांधकामावर पाळणाघर सक्तीचे केले. टोलेजंग इमारतीवर दोनशे स्त्रिया डोक्यावर घमेली वाहत असतात. पण त्या आठ मुकादमांच्या आठ टोळ्यांत वाटलेल्या असतात आणि प्रत्येक टोळीचे मस्टर निराळे. मूळ मालकाला विचारावे तर त्याच्याकडे एकही मजूर नाही! अशाच जागी, दिल्लीत १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी तंबूत मुलांना एकत्र करून 'मोबाइल क्रेशेस' हे काम सुरू केले. १९७२ मध्ये ते मुंबईत आले, पुढे पुण्यातही. इमारत उभी राहीपर्यंत पाळणाघर, इमारत झाली की बाडबिस्तरा घेऊन दुसऱ्या बांधकामावर. तान्ह्यांसाठी झोळ्या, मधल्यांसाठी बालवाडी, थोरल्यांसाठी शाळेची तयारी, हे तिन्ही एकाच पत्र्याच्या खोलीत. स्वयंसेवी संस्थांविषयी चळवळीचे जे आक्षेप आहेत ते या कामालाही लागू होतात. मालकाचे व सरकारचे कर्तव्य देणग्यांवर चालावे हे बरोबर नाही. परंतु पत्र्याच्या खोलीत, सिमेंटच्या धुळीत, तान्ह्या मुलाला जगवता येते आणि वाढवता येते, हे त्यांनी करून दाखवले. 'जागाच नाही' ही ठेकेदाराची सबब त्यानंतर टिकत नाही.

दुसरा धडा महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावरचा आहे. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत वारली वेठबिगार लाल झेंड्याखाली उभा राहिला. गोदावरी परुळेकरांच्या नावाशी जोडलेला तो लढा येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. त्याच वर्षी, त्याच डहाणू तालुक्यातील बोर्डी गावात ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. दोन्ही प्रवाह एकमेकांपासून दूर होते, विचारही निराळे. पण ताराबाईंच्या अनुभवातून एक वस्तुस्थिती उघड झाली. गावात बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतील मुले तेथे येत नव्हती. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्मला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांच्या लक्षात आले की, आदिवासी मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या काखेत धाकटे भावंड असते. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणून 'विकासवाडी' करण्यात आली. मुलीने भावंडाला पाळणाघरात ठेवायचे आणि पलीकडच्या वर्गात जाऊन बसायचे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. यात मोठा सिद्धांत नाही. पण मुलाच्या अडचणीची वेळ आणि जागा आधी पाहायची आणि मग संस्थेची वेळ आणि जागा ठरवायची, ही रीत आहे. सरकारी योजनेने त्यातील शब्द उचलला, रीत मागे ठेवली.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढील उपचारासाठी पाठवणी, शालापूर्व शिक्षण आणि आयांसाठी आरोग्य-आहार शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात गोवल्या आहेत. आज अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांच्या घरात आहे आणि पंचवीस लाखांच्या आसपास स्त्रिया तेथे काम करतात. एवढ्या विस्तारामागे जनतेचा रेटा आहे, न्यायालयीन लढा आहे. जेथे सहा वर्षांखालील चाळीस मुले असतील तेथे मागणी करताच अंगणवाडी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये बजावले होते. ही योजना नको असे कोणताही शहाणा कार्यकर्ता म्हणणार नाही.

परंतु अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे. येथे जरा थांबले पाहिजे, कारण अनेक कार्यकर्त्यांच्या बोलण्यात हा घोटाळा होतो. अंगणवाडी बहुतेक राज्यांत चार ते सहा तास उघडी असते, आणि तेथे येऊन बसणारे मूल तीन ते सहा वर्षांचे असते. सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या मुलाला योजना ओळखते ती फक्त पाकिटापुरती: आईने यायचे, घरी नेण्याचा कोरडा आहार घ्यायचा, सही करायची आणि जायचे. मूल दिवसभर कोठे आहे, त्याला ते पाकीट शिजवून कोण भरवते, हे योजनेच्या कोणत्याही रकान्यात नाही. आणि कुपोषणाची खरी सुरुवात याच वयात होते. दूध अपुरे पडू लागते, वरचे अन्न सुरू करायचे असते, आणि तान्ह्याचे पोट एवढेसे असते की ते दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे भरावे लागते. सकाळी आठला शेतावर गेलेली आई सायंकाळी सहाला परतते. मधल्या दहा तासांत आठ वर्षांची बहीण त्याला सकाळची गार भाकरी पाण्यात कुस्करून दोनदा भरवील. तिसऱ्यांदा ती स्वतःच भुकेली असेल.

ऊसतोडणीच्या फडावर हेच चित्र अधिक भीषण आहे. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, उचल दोघांच्या नावावर असते, आणि पहाटे अंधारात फडात उतरावे लागते. मूल एक तर कोपीत एकटे, नाही तर फडाच्या बांधावर चुंबळीशेजारी. गावच्या अंगणवाडीत त्याचे नाव सहा महिने गैरहजर म्हणून राहते. रोजगार हमीच्या कामांवर पाणी, सावली आणि पाळणाघर यांची तरतूद महाराष्ट्राच्या योजनेत होती. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही पाच किंवा अधिक लहान मुले कामावर येत असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला नेमून तिला पूर्ण मजुरी द्यावी, असे स्पष्ट कलम होते. ते जेथे अमलात आले तेथे बहुधा सर्वांत म्हाताऱ्या, खणायला निरुपयोगी ठरलेल्या स्त्रीला बाभळीखाली बसवण्यात आले. तिच्या हातात ना झोळी, ना पातेले, ना औषधाची पेटी.

मग मागणी काय करायची? सभेत हा प्रश्न निघाला की कष्टकरी आया एकमुखाने सांगतात: अंगणवाडी सकाळी आठपासून सायंकाळी सहापर्यंत उघडी ठेवा. मागणी रास्त आहे. पण त्याच सभेत मागच्या बाजूला अंगणवाडीच्या सेविका बसलेल्या असतात, आणि त्यांचे चेहरे उतरतात. कारण त्यांना ठाऊक असते की, वेळ वाढली तर ती त्यांच्याच पाठीवर वाढणार आहे, आणि मानधनात दमडीची भर पडणार नाही. दोन्ही कष्टकरी स्त्रिया. दोघींची मुले घरी. सत्ताधाऱ्यांना एकीला दुसरीविरुद्ध उभे करणे अत्यंत सोपे असते; संपाच्या काळात 'सेविकांमुळे मुले उपाशी' अशी हाकाटी होते ती याच फटीतून. महाराष्ट्रात ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासाहून अधिक दिवस चाललेल्या संपात हे दिसले. ज्या वस्त्यांत शेतमजूर स्त्रियांच्या संघटनेने आधीच सेविकांशी संवाद ठेवला नसेल, तेथे संपकऱ्यांना सहानुभूती मिळवणे जड जाते. हा दोष केवळ सरकारी प्रचाराचा नाही. संघटनांनी दोन आघाड्या दोन निरनिराळ्या खोल्यांत चालवल्याचाही आहे.

हा अंतर्विरोध सोडवायचा तर आधी हे काम म्हणजे नेमके काय, ते पाहिले पाहिजे. पाळणाघराचे काम म्हणजे 'मुलांवर लक्ष ठेवणे' अशी समजूत चळवळीतही आढळते, आणि ती बहुधा पुरुष साथींची असते.

पंचवीस मुलांचे पाळणाघर घ्या. मुले येण्याआधी खोली झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी लागते, कारण निम्मी मुले रांगणारी असतात आणि जमिनीवरचे सर्व काही तोंडात जाते. पिण्याचे पाणी भरून, उकळून, झाकून ठेवायचे. झोळ्यांच्या दोऱ्या रोज ओढून पाहायच्या. कुजकी दोरी एकदाच तुटते. मूल येते तेव्हा ते हातात घेताना अंगाला हात लावून ताप पाहायचा, डोळे, कान, गुडघे पाहायचे, आणि रात्री कसे होते हे आईला विचारायचे. आई घाईत असते. दोन वाक्यांत जे कळेल तेवढ्यावर दिवस काढायचा असतो. बाटली वापरायची नाही, कारण ती स्वच्छ राहत नाही; वाटी-चमच्याने भरवायचे. सहा तान्ह्यांना वाटी-चमच्याने नाचणीची खीर भरवणे हा एकटीला एक तासाहून जास्त वेळ घेणारा उद्योग आहे, आणि सहावे मूल तोपर्यंत रडून झोपी गेलेले असते. त्याला उठल्यावर विसरायचे नाही. जुलाब लागले तर किती वेळा, कसे, हे लिहायचे; मीठ-साखरेचे पाणी अथवा क्षारसंजीवनी घोटघोट पाजत राहायचे; डोळे खोल गेले, मूल लुळे पडले तर थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा. मग बाकीच्या चोवीस मुलांपाशी कोण? म्हणूनच एकटीने पाळणाघर चालत नाही. दोघी लागतात, आणि त्याही कमीत कमी.

२०१८ साली केंद्र सरकारने पाळणाघरांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांतही तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि त्यावरील वीस मुलांमागे एक असे प्रमाण सांगितले आहे. दहा तान्ह्यांमागे एक हे प्रमाणही ज्याने तान्ही सांभाळली आहेत त्याला फार वाटेल.

दुपारी मुले निजतात तेव्हा सेविका निजत नाही. त्या वेळी लंगोट धुतले जातात आणि नोंदवह्या भरल्या जातात. वजनकाट्यावर मुलाला टांगून त्याचे वजन आलेखावर मांडायचे, दंडाचा घेर पट्टीने मोजायचा. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत तो आला तर मूल धोक्यात आहे हे ओळखायचे. आणि हे ओळखण्याआधी, वजन घटण्यापूर्वीच, जे मूल रोज दाराशी धावत येई ते आज भिंतीशी गप्प बसले आहे, हे टिपायचे. हे कोणत्याही काट्यावर दिसत नाही. ते दिसण्यासाठी अनुभव लागतो, आणि अनुभवासाठी तीच बाई त्याच पाळणाघरात वर्षानुवर्षे टिकावी लागते. तीन महिन्यांचे मानधन थकल्यावर ती टिकत नाही. वेतनाचा प्रश्न मुलाच्या ताटापर्यंत पोहोचतो तो असा.

संध्याकाळी मूल परत देणे हेही काम आहे. ओळखीच्या माणसाशिवाय कोणाच्या हाती द्यायचे नाही. दारूच्या नशेतील बाप आला तर त्याच्या हाती देण्यास नकार द्यायचा. हा नकार देण्यासाठी सेविकेच्या पाठीशी वस्ती उभी असावी लागते.

इतक्या कौशल्याच्या व जोखमीच्या कामाला सरकारने नाव दिले 'मानसेवा', आणि मोबदल्याला 'मानधन'. १९७५ साली मॅट्रिक न झालेल्या सेविकेला महिना १०० रुपये, मॅट्रिक झालेलीला १५० आणि मदतनिसाला ३५ रुपये मिळत. २०१८ साली केंद्राने जाहीर केलेल्या वाढीनंतर सेविकेचा आकडा ४,५०० आणि मदतनिसाचा २,२५० झाला, आणि त्यातही राज्याचा वाटा धरलेला होता. राज्यांनी आपापल्या तिजोरीतून त्यात भर घातली ती जेथे लढे झाले तेथे. तमिळनाडूत विशेष वेतनश्रेणी आली. महाराष्ट्रात प्रत्येक वाढीमागे मोर्चे आणि संप आहेत. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन द्यावे असे एकमताने सुचवले. शिफारस दप्तरात पडून राहिली.

न्यायालयांचा इतिहासही उद्बोधक आहे. डिसेंबर २००६ च्या पहिल्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका खटल्यात ठरवले की, अंगणवाडी सेविका या सरकारी पदावर नाहीत. त्यानंतर आठवडा उलटायच्या आत त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने चौदा लाख अंगणवाड्या उघडण्याचा आदेश दिला. म्हणजे मुलाचा हक्क घटनेने दिलेला, पण तो हक्क ज्या हातांनी मुलापर्यंत पोहोचायचा ते हात कोणाचेच नाहीत! २०२२ साली ग्रॅच्युइटीच्या खटल्यात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी मात्र सेविका व मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असा निकाल दिला, आणि त्यांचे काम अर्धवेळ आहे हा युक्तिवाद मान्य केला नाही. हा निकाल प्रत्येक शाखेने वाचला पाहिजे. अर्धवेळ नाही, हे शब्द वेळेच्या प्रश्नाशी थेट भिडतात.

'मातृत्व', 'सेवाभाव', 'यशोदा' अशा शब्दांची या क्षेत्रात फार उधळण होते. समाजवादी चळवळीनेही येथे थोडे आत्मपरीक्षण करावे. लेनिनने १९१९ च्या 'थोर सुरुवात' या पुस्तिकेत सार्वजनिक भोजनगृहे आणि शिशुगृहे यांना नव्या समाजाचे अंकुर मानले, कारण त्यांवाचून स्त्रीची घरकामाच्या गुलामीतून सुटका नाही. पूर्व जर्मनीत १९८९ च्या सुमारास तीन वर्षांखालील सुमारे ८० टक्के मुलांसाठी शिशुगृहांत जागा होती. भांडवलशाही जगात त्याला जोड नव्हती. पण त्या शिशुगृहांत काम करणाऱ्या जवळजवळ सर्व स्त्रियाच राहिल्या. मूल सांभाळणे घरातून समाजाकडे गेले. पुरुषाकडे गेले नाही. ही उणीव लपवून काही साधत नाही.

आता वेळेच्या मागणीकडे परत येऊ. तिची मांडणी बदलली पाहिजे. 'अंगणवाडीची वेळ वाढवा' असे न म्हणता 'अंगणवाडीत दुसरी पाळी आणि दुसरी सेविका द्या' असे म्हटले पाहिजे. २०२२ पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडी-सह-पाळणाघर ही तरतूद आली आहे आणि तीत स्वतंत्र पाळणा-सेविका व मदतनीस धरल्या आहेत. म्हणजे तत्त्व सरकारने मान्य केले आहे. उद्दिष्ट मात्र १७,००० केंद्रांचे. चौदा लाखांच्या हिशेबात ऐंशी-ब्याऐंशी अंगणवाड्यांमागे एक. कर्नाटकाने २०२३ मध्ये ग्रामपंचायतींतून 'कूसिन मने', म्हणजे बाळाचे घर, ही पाळणाघरे काढण्याचे ठरवले, तेव्हा एकदम चार हजारांचा आकडा घेतला. तेथील बेळगाव भागातील मराठी साथींनी ती प्रत्यक्ष कशी चालतात हे पाहून कळवावे. सांभाळणाऱ्या स्त्रिया आलटून-पालटून आल्या तर तान्ह्याचे काय होते, हा तेथला कळीचा प्रश्न आहे. बांधकामांच्या बाबतीत पैशाची सबब चालू शकत नाही. १९९६ च्या उपकर कायद्याने गोळा झालेला निधी कल्याणकारी मंडळांकडे वर्षानुवर्षे पडून राहिला, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने वारंवार ताशेरे ओढले आहेत. ठेकेदारांच्या टोळ्या कितीही असोत, एका आवारातील सर्व मजूर एकत्र मोजून त्या निधीतून तेथे पाळणाघर चालवता येईल.

दुसरी गोष्ट, सेविकेच्या डोक्यावरची इतर ओझी. जनगणना, निवडणूक याद्या, सर्वेक्षणे, आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकर. निकृष्ट मोबाइल आणि इंग्रजी अॅप यांच्याविरुद्ध महाराष्ट्रातील सेविकांनी त्याच वर्षी ते मोबाइल सरकारला परत केले होते. २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी आईचा चेहरा पडताळण्याची सक्ती झाली. ज्या गावात टॉवर लागत नाही तेथे सेविका मुलांना मदतनिसाकडे सोडून आयांना घेऊन टेकडीवर चढते. पाळणाघर वाढवायचे तर ही कामे आधी तिच्या हातून काढली पाहिजेत.

यापुढील तीन महिन्यांत शाखांनी करावयाचे काम साधे आहे. प्रत्येक शाखेने एकच वस्ती निवडावी: शेतमजुरांची, बांधकाम मजुरांची किंवा विडी कामगारांची. घरोघर जाऊन तीन वर्षांखालील मुलांची यादी करावी, आणि प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहाव्यात. आई किती वाजता बाहेर पडते. किती वाजता परतते. मधल्या वेळात मूल कोणाजवळ असते. आणि ते सांभाळणारी शाळेच्या वयाची मुलगी असेल तर तिची इयत्ता. ही पाहणी शेतमजूर संघटनेच्या एका स्त्रीने आणि अंगणवाडीच्या एका सेविकेने जोडीने करावी, एकटीने नको. सेविकेचे स्वतःचे मूल तिच्या कामाच्या वेळात कोठे असते, हेही त्याच वहीत लिहावे. चाळीस मुले भरली की दुसऱ्या पाळीच्या मागणीचा अर्ज दोन्ही संघटनांच्या सह्यांनी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्यावा आणि पोच घ्यावी. यादीची एक प्रत शाळेच्या मुख्याध्यापकांनाही द्यावी, कारण त्यांच्या पटावरील कोणत्या मुली वर्गात का दिसत नाहीत, ते तीत लिहिलेले असेल.

पुढील वर्गाला येताना या वह्या बरोबर आणाव्यात.